निर्णय तुमचा, पण कारण तरी सांगा : विदर्भातल्या संस्थाचालकांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, सचिव आणि संचालक मंडळ,
विदर्भात तालुक्याच्या गावी अनुदानित महाविद्यालये चालवणाऱ्या सर्व शिक्षण संस्था

स. न. वि. वि.

मी अमरावती विभागातल्या एका तालुक्याच्या गावी वाणिज्य शाखेत शिकवते. कॉलेजचं नाव लिहीत नाही, कारण मला अजून तिथेच नोकरी करायची आहे. शिवाय गोष्ट एकट्या आमच्या कॉलेजची असती तर प्राचार्यांच्या केबिनमध्ये जाऊन बोलले असते, पत्र लिहीत बसले नसते. वरुडपासून उमरखेडपर्यंत आणि दर्यापूरपासून आरमोरीपर्यंत, परीक्षेच्या नाहीतर चर्चासत्राच्या निमित्ताने ज्या ज्या स्टाफरूममध्ये बसले, तिथे चहा येईस्तोवर बोलणं याच विषयावर, म्हणजे कारण न सांगता होणाऱ्या निर्णयांवर, आलेलं पाहिलं. आणि केबिनचं दार वाजलं की तिथेच थांबलेलंही पाहिलं.

आधीच सांगते, हे पत्र पगाराबद्दल नाही. सातवा वेतन आयोग ८ मार्च २०१९ च्या शासन निर्णयाने आम्हाला लागू झाला. पूर्णवेळ प्राध्यापकाचा पगार आज तालुक्याच्या गावात लोकांच्या डोळ्यावर येण्याइतका आहे. सोयाबीनचा भाव पडला की ज्या घरातल्या पोरीची परीक्षा फी थकते, त्या पोरीला शिकवणाऱ्यांनी पगाराचं रडगाणं गाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तासिका तत्त्वावरच्यांची, म्हणजे तासाच्या हिशेबाने पैसे मिळणाऱ्यांची, गोष्ट वेगळी. त्यांच्याकडे पुढे येते.

आमचं म्हणणं थोडक्यात मावतं. निर्णय घ्यायचा अधिकार तुमचा आहे, तो कोणी मागत नाही. पण नियम सगळ्यांना सारखा लावा, निर्णयामागचं कारण सांगा, आणि तो चुकला असं वाटलं तर दाद मागायला जागा ठेवा.

आता एक प्रसंग. तिसरा तास चालू होता, बी.कॉम. भाग दोनला ताळेबंद शिकवत होते. दारात परिचर उभा, काखेत नोटीस बुक. "मॅडम, सई करून द्या न लवकर, अजून चार क्लास राह्यले." हातात खडू, पुढ्यात पोरं, अशा वेळी नोटीस कोण वाचतं? तरी नजर गेली. परीक्षा विभागाचा प्रभार एका सरांकडून काढून दुसऱ्यांना दिला होता. 'सर्वांनी नोंद घ्यावी' एवढंच खाली. तारीख आदल्या दिवसाची. ज्यांच्याकडून प्रभार काढला ते सर शेजारच्या वर्गात शिकवत होते. त्यांनीही त्याच बुकात, तसाच खडूच्या हाताने, सही केली. त्यांना कळलं ते तसंच.

या माणसाने कोरोनातल्या ऑनलाइन परीक्षा निभावल्या होत्या. गावात रेंज नाही म्हणून पोरं टेकडीवर, पाण्याच्या टाकीवर चढून पेपर देत, आणि पेपर सबमिट झाला नाही की रात्री नऊला यांनाच फोन करत. तरी त्यांच्या कामाबद्दल लेखी सोडा, तोंडी तक्रारही कोणी ऐकली नव्हती. दुपारच्या सुट्टीपर्यंत स्टाफरूममध्ये तीन थिअऱ्या तयार. एक, भाऊंशी, म्हणजे संस्थाचालकांशी, बिनसलं. दोन, नव्या प्राचार्यांना आपला माणूस पाहिजे. तिसरी जातीची, ती आपल्याकडे न बोलताच ऐकू येते.

खरं कारण आम्हाला सत्र संपताना कळलं. सरांच्या मुलीने त्याच वर्षी आमच्याच कॉलेजात बी.एस्सी.ला प्रवेश घेतला होता. जवळचं नातेवाईक परीक्षेला बसत असेल तर गोपनीय कामावर राहू नये, हा नियम सगळ्यांना माहीत आहे. निर्णय शंभर टक्के बरोबर होता! प्राचार्यांनी सरांना बोलावून दोन वाक्यं सांगितली असती, नाहीतर नोटिशीत अर्धी ओळ लिहिली असती, तर सर स्वतःच म्हणाले असते, हो, माझ्याच लक्षात यायला पाहिजे होतं. तसं झालं नाही. सरांनी ते मनावर घेतलं. आधी ते संध्याकाळी थांबून पाच-सहा पोरांना बँकेच्या परीक्षेचं गणित शिकवत. त्या नोटिशीनंतर ते चारची एसटी पकडायला लागले. मुलगी आता शेवटच्या वर्षाला आहे. सर अजूनही चारचीच पकडतात.

बी.कॉम.ला मी मनुष्यबळ व्यवस्थापन शिकवते, म्हणून हे मला जास्त टोचतं. जे फळ्यावर लिहायचं त्याच्या बरोबर उलट नोटीस बुकात वाचायचं. जेराल्ड ग्रीनबर्ग नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने १९९० मध्ये प्रसिद्ध केलेलं एक संशोधन मी दरवर्षी वर्गात सांगते. एका कंपनीची मोठी कंत्राटं गेली. दोन कारखान्यांत सगळ्यांचा पगार दहा आठवड्यांसाठी १५ टक्के कापावा लागला. एका कारखान्यात वरिष्ठांनी स्वतः जवळजवळ दीड तास बसून आकडे दाखवले, का कापतो ते सांगितलं, प्रश्न घेतले, वाईट वाटतं म्हणाले. दुसऱ्यात पंधरा मिनिटांत उरकलं : पगार कापतोय, विमान पकडायचंय. पगार दोन्हीकडे तेवढाच कापला. त्या काळात कारखान्यातल्या वस्तूंची चोरी दोन्हीकडे वाढली, पण जिथे कारण नीट सांगितलं तिथे बरीच कमी वाढली. नोकरी सोडून जाणारेही पंधरा मिनिटांवाल्या कारखान्यातच जास्त निघाले.

आपल्या कॉलेजात कोणी खडू-डस्टर चोरून नेत नाही. आपल्याकडे जातो तो चारनंतरचा वेळ. ग्रंथालयात पोराला हाताला धरून नेणं जातं, गॅदरिंगच्या नाटकाची तालीम जाते, मुलगी आठ दिवस दिसली नाही म्हणून तिच्या घरी फोन करणं जातं. यातलं काहीच सेवाशर्तीत नाही, म्हणून ते बंद झालं तर तुम्ही मेमो देऊ शकत नाही. आणि कॉलेज गावात उभं असतं ते याच्याच जोरावर.

तुम्ही म्हणाल, मॅडम, आमच्या हातात काय आहे? पदं सरकार देत नाही, अनुदानाची फाईल मंत्रालयात अडकते, विद्यापीठ रोज नवं परिपत्रक काढतं. खरं आहे. ४ मे २०२० च्या वित्त विभागाच्या निर्णयाने भरती गोठली. २०२१ च्या नोव्हेंबरात २,०८८ सहायक प्राध्यापकांच्या भरतीला मान्यता आली, पण तेवढ्या वेळात माणसं निवृत्त होतच राहिली. राज्य पातळीवर जे चाललंय त्याचा जाब तुम्हाला विचारणं चूक ठरेल. पण त्या कारखान्याच्या मालकाच्याही हातात कंत्राट नव्हतंच. त्याच्या हातात होतं ते दीड तास बसून बोलणं.

आणि नेमणुकीच्या वेळी काय होतं, ते मी इथे लिहिणार नाही. तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे, गावातल्या पानठेल्यावाल्यालाही आकडा माहीत आहे. एवढंच सांगते, की ज्याला आत येतानाच कळलं की इथे गुणपत्रिकेला वजन नाही, त्याच्याकडून पुढची तीस वर्षं संस्थेवर विश्वासाची अपेक्षा करायला मोठं धाडस लागतं.

आता तासिकावाले. आमच्या विभागात एक सर आहेत, सेट ही पात्रता परीक्षा झालेले, पीएच.डी. झालेले. सकाळी आमच्याकडे तीन तास, मग दुचाकीवरून दुसऱ्या तालुक्याच्या कॉलेजात. पावसाळ्यात नाल्याला पूर आला की दुसरीकडचे तास बुडाले, आणि पैसेही. दरवर्षी जुलैत त्यांची नव्याने मुलाखत होते. ज्या वर्गाला मार्चपर्यंत शिकवलं, त्याच वर्गातली पोरं व्हरांड्यातून जाताना पाहतात, सर केबिनबाहेर बाकावर फाईल घेऊन बसलेत. आत तीच माणसं, बहुतेक तेच प्रश्न. एकदा एका पोराने विचारलंसुद्धा, "सर, तुमचं बी ॲडमिशन हाय काय?" सर हसले. दुसरं करणार काय?

त्यांचं हजेरीचं रजिस्टर वेगळं. तास झाला की विषय, वेळ, सही. महिन्याचं बिल विभागप्रमुख, मग प्राचार्य, मग उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालय. पैसे कधी दिवाळीला येतात, कधी मार्चअखेरीला. विद्यापीठ अनुदान आयोगाने जानेवारी २०१९ मध्ये अतिथी प्राध्यापकांसाठी तासाला १,५०० रुपये आणि महिन्याला कमाल ५०,००० असं ठरवून दिलं. आपल्या राज्याने नंतर दर वाढवले तेही त्याच्या खालीच राहिले. हा भाग सरकारचा. पण पुढचं तर सरकारने सांगितलेलं नाही ना? नॅकची, म्हणजे कॉलेजचा दर्जा ठरवणाऱ्या संस्थेची, समिती आली की हेच सर 'आमचे उच्चशिक्षित शिक्षक' म्हणून पहिल्या रांगेत. स्वतःच्या लॅपटॉपवर रात्र-रात्र जागून दोन निकषांचा डेटा भरतात तेही हेच. समिती गेली की स्टाफरूमच्या कपाटात त्यांच्या नावाचा कप्पा नाही. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात सात दिवस मुक्कामी पाठवायचं, त्याचा तास धरायचा नाही. लग्नाचं जमवायला गेले की मुलीचा बाप पहिलं विचारतो, "परमनंट हाय का बा?" त्याचं उत्तर तुमच्या हातात नाही, मान्य. पण बिल कोणत्या तारखेला सहसंचालकांकडे गेलं, त्यात काय त्रुटी निघाली, एवढं तर सांगता येईल? आमचे सर महिनोन्महिने क्लार्कच्या टेबलापुढे उभे राहून "भाऊ, बिलाचं काय झालं?" विचारतात, आणि "पाहू" एवढं उत्तर घेऊन परत येतात. मला वाटतं, पैशाच्या उशिरापेक्षा हे 'पाहू' माणसाला जास्त खातं.

वेळापत्रकाचंही तेच. त्यांचे तीन तास सलग लावले तर त्यांना दुसऱ्या कॉलेजात पोहोचता येतं. पहिला, चौथा आणि सातवा लावले तर पूर्ण दिवस जातो आणि पैसे तीन तासांचेच. वेळापत्रक समितीत त्यांच्यातला एकही नसतो.

वेळापत्रकावरून कार्यभार आठवला. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन, सहयोगी प्राध्यापक आणि प्राध्यापकाला १४. आपल्या ४८ मिनिटांच्या हिशेबात १६ तासांच्या २० तासिका होतात. हा हिशेब कागदावर सगळ्यांचा बरोबर असतो. पण २०२४-२५ पासून संलग्नित महाविद्यालयांत नवं शैक्षणिक धोरण आलं आणि मेजर-मायनर, म्हणजे मुख्य आणि दुय्यम विषयांबरोबर खुले वैकल्पिक, कौशल्य अभ्यासक्रम, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली असे पेपर आले. ज्यांची पुस्तकं वेळेवर मिळत नाहीत, ज्यांची तयारी शून्यापासून करावी लागते, ते पेपर कोणाच्या वाट्याला गेले ते तुमच्या कॉलेजात एकदा पाहा. वनस्पतिशास्त्राच्या मॅडम मूल्यशिक्षण घेतायत, आणि ज्यांची पंधरा वर्षांची वही तयार आहे ते अजून तीच वही वाचून दाखवतायत. तासिका दोघांच्या २०. त्या मॅडम कामाला नाही म्हणत नाहीत, म्हणूनच त्यांच्याकडे पुढचंही काम जातं.

मे-जूनमधली प्रवेश मोहीम ही आपल्या भागाची खास गोष्ट. पुण्या-मुंबईच्या प्राध्यापकांना सांगितलं तर खरं वाटत नाही. बारावीचा निकाल लागला की गट पडतात, गावं वाटली जातात, आणि आम्ही भर उन्हात दुपट्टा बांधून दारोदार फिरतो. पोरं आली नाहीत तर वर्कलोड जातो, वर्कलोड गेला तर माणूस सरप्लस, म्हणजे जादा ठरतो, म्हणून फिरावंच लागतं, त्याला ना नाही. मला तर ते आवडतंही; वर्षभर बाकावर दिसणारी पोरगी कोणत्या घरातून येते ते तिथे दिसतं. खटकतं ते गावांचं वाटप. रस्त्यालगतची, मोठ्या वस्तीची गावं ठरावीक गटाला. आतली, जिथे दिवसातून दोनदा एसटी जाते आणि बारावी झालेली पोरं मोजून चार, ती नव्यांना आणि तासिकावाल्यांना. वर जूनअखेरीस स्टाफ मीटिंगमध्ये कोणी किती प्रवेश आणले त्याची यादी वाचून दाखवायची. ज्याला चारच पोरांचं गाव मिळालं तो तीन पोरं आणूनही खाली मान घालून बसतो.

अप-डाउनबद्दल तुमचा राग मला माहीत आहे, आणि तो सगळाच चुकीचा नाही. आमच्यातले काही जण मुख्यालयी राहण्याचा दाखला देतात आणि अमरावती-नागपुरात राहतात, अकराला येतात आणि एकला दिसत नाहीत. त्यांच्यामुळे बाकीच्यांचं नाक कापलं जातं. तुम्ही बायोमेट्रिक लावलं, चांगलं केलं. पण पहिल्या महिन्यात कळलं की काही अंगठे मशीनवर पडलेच नाहीत तरी पगार पूर्ण निघतो. ते अंगठे कोणाचे, ते ऑफिसात सगळ्यांना ठाऊक. आणि रेल्वे फाटकात बस अडकून बारा मिनिटं उशीर झालेल्या मॅडमची अर्धी किरकोळ रजा कापली गेली. त्या दिवसानंतर त्या मशीनकडे कोणी शिस्त म्हणून बघत नाही. मशीन नसतं तर निदान प्रत्येकाला वाटलं असतं की कोणाचंच कोणी बघत नाही!

बायकांबद्दल एकच सांगते. नॅकची समिती येते तेव्हा फाटकाशी एकसारख्या साड्या नेसून औक्षणाचं ताट घेऊन कोण उभं असतं? आमच्याकडे पदार्थविज्ञानात पीएच.डी. झालेल्या मॅडम होत्या. ज्या प्रयोगशाळेचं काम त्यांनी उभं केलं, तिचं सादरीकरण समितीपुढे दुसऱ्या सरांनी केलं, कारण मॅडम 'स्वागत समितीत' होत्या. हे कोणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. विचारच केला नाही, हीच तक्रार आहे.

कॅस, म्हणजे प्राध्यापकांच्या बढतीची योजना, आमच्या भाषेत प्लेसमेंट, त्याचा एकच मुद्दा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीप्रमाणे पात्रतेची वर्षं ठरलेली आहेत, उजळणी वर्ग ठरलेले आहेत, संशोधनाचे निकष ठरलेले आहेत. त्यात मर्जीला जागा फार थोडी. मर्जी येते ती फाईल पुढे सरकण्याच्या वेगात. एकाच दिवशी पात्र झालेल्या दोघांपैकी एकाचा कॅम्प, म्हणजे बढतीच्या समितीची बैठक, सहा महिन्यांत लागतो, दुसऱ्याची फाईल 'एक कागद कमी आहे' म्हणून पडून राहते, आणि तो कागद कोणता हे तीनदा विचारूनही लेखी कोणी देत नाही. वर समितीच्या गाडीभाड्यापासून जेवणापर्यंतची वर्गणी उमेदवारांकडूनच.

या सगळ्याने माणसाच्या तब्येतीचं काय होतं? परत ग्रीनबर्गच आठवतो. २००६ मध्ये त्याने परिचारिकांवरचा अभ्यास मांडला. पगाराची पद्धत बदलल्यामुळे काही परिचारिकांचं नुकसान झालं, आणि त्यांची झोप उडाली. पण जिथे त्यांच्या वरिष्ठांना आदराने वागायचं, नीट समजावून सांगायचं प्रशिक्षण दिलं होतं, तिथे झोपेची तक्रार बरीच कमी राहिली. पैसे वाढवून दिले नव्हते. लंडनमध्ये सरकारी नोकरांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करून जे अभ्यास झाले, त्यांतही वरिष्ठांकडून न्याय्य वागणूक मिळते असं वाटणाऱ्यांना हृदयविकार कमी झालेला आढळला. आमच्या स्टाफरूममध्ये बीपीच्या गोळ्यांची चर्चा आता चाळिशीतले लोक करतात. सगळं संस्थेच्या माथी मारणार नाही. अप-डाउन आहे, मुलांची शिक्षणं आहेत, घराचे हप्ते आहेत. पण रविवारी संध्याकाळी ज्याला 'उद्या काय नोटीस निघेल' असं वाटतं, त्याचं बीपी गोळीने किती उतरणार?

एक गोष्ट मोकळेपणाने मान्य करायला हवी. या भागात कॉलेजं आली ती सरकारच्या आधी संस्थांमुळे. पंजाबराव देशमुखांनी १९३२ मध्ये अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली, आणि पुढे तालुक्या-तालुक्यात तशी माणसं निघाली. गावकऱ्यांनी जमिनी दिल्या. अमरावतीला स्वतंत्र विद्यापीठ १९८३ मध्ये आणि गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ २०११ मध्ये आलं, त्याच्या कितीतरी आधी या संस्थांनी खेड्यातली पोरं पदवीधर केली. आमच्या संस्थेचे संस्थापक, जुने लोक सांगतात, दर आठवड्याला स्टाफरूममध्ये येऊन बसत आणि कोणाच्या घरी काय चाललंय ते त्यांना पाठ असे. रागावत, पण तोंडावर रागावत. त्यांचा निर्णय चुकला तरी तो का घेतला हे माणसाला कळायचं, कारण ते समोर बसलेले असायचे.

आज दुसरी-तिसरी पिढी आहे. कॉलेजं वाढली, इंग्रजी शाळा आल्या, नर्सिंग-फार्मसी आलं. तुम्ही नागपुरात असता, नाहीतर पुण्यात. निर्णय फोनवर होतो आणि आमच्यापर्यंत दोन-तीन तोंडांतून येतो. प्रत्येक तोंड आपल्या पदरचं थोडं घालतं. "भाऊंनी सांगितलंय" हे वाक्य आमच्या कॉलेजात इतक्या लोकांकडून ऐकलंय, की त्यातलं भाऊंनी खरोखर किती सांगितलं असेल याची मला शंका येते. तुमच्या नावावर कोण काय खपवतं, हे तुम्हालाही कळायला हवं. समोर बसून बोलणं आता शक्य नसेल तर त्याची जागा लेखी नियमाने घ्यायला हवी. मधल्या माणसाने घेतली तर ती त्याची होते, तुमची राहत नाही.

त्यासाठी नवं काही शोधायची गरज नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम २०१६ च्या कलम ९७ मध्ये महाविद्यालय विकास समिती आहे. तुम्ही तिचे अध्यक्ष, प्राचार्य सदस्य-सचिव, आणि शिक्षकांनी आपल्यातून निवडून दिलेले तीन जण, त्यात किमान एक महिला. वर्षाला किमान चार बैठका. आमच्याकडे निवडणूक कशी होते? आदल्या दिवशी तीन नावं कळतात, दुसऱ्या दिवशी ती 'बिनविरोध' होतात. बैठकीचा वृत्तान्त आम्हाला नॅकची फाईल लावताना पहिल्यांदा वाचायला मिळतो. एकदा खरीखुरी गुप्त मतदानाची निवडणूक होऊ द्या. तुमच्या विरोधातला माणूस निवडून आला तरी तो तुमच्यासमोर, टेबलावर बोलेल. आता जे बोलणं चालतं ते पानठेल्यावर चालतं. तक्रार निवारणाची आणि न्यायाधिकरणाची तरतूदही याच कायद्यात आहे, पण तिथपर्यंत गेलेल्या माणसाचं संस्थेशी नातं बहुधा संपलेलं असतं. तिथे जायची वेळ येण्याआधी कॉलेजातच कोणीतरी ऐकून घेणारं हवं, आणि ऐकून घेतल्यावर पंधरा दिवसांत लेखी उत्तर देणारं. उत्तर नकाराचं असलं तरी चालेल.

तेव्हा विनंती अशी, की विकास समितीच्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर कार्यभार, प्रभार आणि समित्यांच्या वाटपाचे निकष हा एक विषय घ्या. कोणाकडे कोणता प्रभार किती वर्षं आहे, नवे पेपर कोण शिकवतंय, प्रवेश मोहिमेला कोणतं गाव कोणाला, तासिकेचं बिल आणि प्लेसमेंटची फाईल कोणत्या तारखेला कुठे पोहोचली, याचा एक तक्ता स्टाफरूमच्या बोर्डावर लावा. प्रभार बदलला तर कारणाचा रकाना कोरा सोडू नका. पाळी-पाळीने फिरवता येईल ते फिरवा, फिरवता येत नसेल तर का ते लिहा. याला ना शासनाची मान्यता लागते, ना पैसा.

तक्ता करायला माणूस नाही असं ऑफिसने सांगितलं तर आमच्या कॉलेजपुरती मी तयार आहे. एक्सेलमध्ये दोन दुपारचं काम आहे, उन्हाळी सुट्टीत येऊन करून देईन. तुमच्या कॉलेजातही विचारून पाहा, कोणीतरी निघेल. जूनअखेरीस नवं सत्र सुरू होऊन वेळापत्रक लागण्याआधी तो तक्ता बोर्डावर आला, तर याच सत्रापासून वापरता येईल.

कळावे, लोभ असावा.

आपली,
अमरावती विभागातील एका अनुदानित महाविद्यालयातील वाणिज्य विषयाची सहयोगी प्राध्यापक